सिंहगडामागे काही पडलेलं नाही, तरी आज संध्याकाळी पुन्हा तळजाईवर जा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. काल, मार्चमधल्या स्वच्छ संध्याकाळी सात चाळीसच्या सुमारास तुम्ही आणि तुमच्या पत्नी पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवरून उतरत होतात. दक्षिणेला व्याध ताऱ्याच्या बरंच खाली, जरा उजवीकडे एक ठिणगी पेटली. बघता बघता ती शुक्राहून कितीतरी तेजस्वी झाली, आधी हिरवट-निळी, मग नारिंगी. शेवटी तिचे दोन-तीन तुकडे झाले आणि सिंहगडाच्या टॉवरच्या थोडं वर ती विझली. सगळं मिळून पाचेक सेकंद. आवाज काहीच नाही. तुमचा अंदाज असा की ती गडामागे, फार तर वेल्ह्याच्या बाजूला पडली असणार. ती उल्का होती, उपग्रह होता की क्षेपणास्त्र, रविवारी गाडी काढून शोधायला जावं का, आणि हे कळवायचं कुणाला, असे तुमचे प्रश्न आहेत. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की तुमच्या मते ती डावीकडून उजवीकडे उतरत गेली, तर पत्नीच्या मते जवळजवळ सरळ खाली आली. माझ्या दृष्टीनं तुमच्या लिहिण्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

या विषयावर तुम्ही दोघं आता एकमेकांशी एक शब्दही बोलू नका. दोन वेगळे कागद घ्या, दोन वेगळ्या खोल्यांत बसा आणि आपापलं चित्र काढा. खाली डोंगराची रेघ, गड, टॉवर, जवळचं झाड किंवा इमारत, आणि त्यावर उल्केची वाट. कुठे दिसू लागली, कुठे सर्वांत तेजस्वी झाली, कुठे फुटली, कुठे संपली. चित्र चांगलं यायची गरज नाही. बाजूला वेळ लिहा, आणि ती कशावरून सांगता तेही लिहा: मोबाइल पाहिला होता, की घरी पोचल्यावर मागे मोजत गेलात?

हे इतक्या आग्रहानं सांगण्याचं कारण आहे. तीसेक वर्षांपूर्वी खडकवासल्याच्या धरणाजवळ आम्ही चौघं आकाश बघत बसलो होतो आणि एक मोठा अग्निगोल गेला. आधी ओरडलो, मग बोलायला लागलो. अर्ध्या तासात आमचं पक्कं एकमत झालं की तो सिंह राशीतून गेला. घरी जाऊन तशी नोंद केली. काही महिन्यांनी त्या रात्रीचा तारानकाशा हाती आला. त्यावर पेन्सिलीनं मारलेली रेघ आणि बाजूला वेळ होती, अक्षर माझंच. बोलणं सुरू होण्याआधी मीच ती मारली होती आणि विसरून गेलो होतो. ती रेघ सिंहेतून जात नव्हतीच, चांगली दोन वीत पश्चिमेला होती. चार माणसांनी मिळून एक स्पष्ट, तपशीलवार आणि खोटी आठवण तयार केली होती, आणि त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. तेव्हापासून उल्का दिसली की मी आधी गप्प बसतो आणि बरोबरच्यांनाही गप्प बसवतो.

आता आज संध्याकाळचं काम. काल जिथे उभे होतात तिथेच, अगदी त्याच पायवाटेवर जा. सात चाळीसला नाही, सात छत्तीसला. तारे रोज साधारण चार मिनिटं आधी त्याच जागी येतात, त्यामुळे काल ७:४० ला व्याध जिथे होता तिथे तो आज ७:३६ ला असेल. त्याच्या खाली, दक्षिण क्षितिजापासून साधारण दोन मुठींवर अगस्ती तारा दिसेल. काल उल्का पेटली ती जागा अगस्तीच्या उजवीकडे आणि त्याहून वर असणार, असा तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आहे. पण तो अंदाज मनातून काढून टाका आणि स्वतः तपासा.

मोजायला उपकरण लागत नाही. हात पूर्ण ताठ करून एक डोळा मिटला की मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश झाकते, करंगळीची जाडी एक अंश, आणि अंगठा ते करंगळी ताणलेली वीत वीस अंशांच्या आसपास. मुलांचे हात लहान असतात पण बाहूही आखूड असतात, त्यामुळे हे प्रमाण त्यांनाही चालतं. क्षितिजापासून सुरुवातीच्या बिंदूपर्यंत किती मुठी आणि शेवटच्या बिंदूपर्यंत किती, ते लिहा. आकाशमंडळी याला उन्नतांश म्हणतात. मग दिशा, म्हणजे दिगंश: उत्तर शून्य, पूर्व नव्वद, दक्षिण एकशे ऐंशी, असा. मोबाइलमधलं होकायंत्र त्यासाठी चालतं, फक्त आधी फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून घ्या आणि दुचाकी, लोखंडी कठडा, विजेचा खांब यांच्यापासून दहा पावलं लांब उभे राहा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात लक्षात घ्यावा इतका फरक नाही, ही पुणेकरांची सोय. तुम्हाला तर त्याहून चांगली खूण मिळाली आहे, गडावरचा टॉवर. तो नकाशावर आहे, हलत नाही, आणि रात्री त्यावर लाल दिवे असतात. टॉवरच्या डावीकडे-उजवीकडे किती बोटं, हे कुठल्याही होकायंत्रापेक्षा भरवशाचं.

कालावधीसाठी एक जुनी रीत आहे. प्रसंग मनात पुन्हा घडवा, ‘सुरू’ म्हणा, डोळ्यांनी ती वाट चाला आणि ‘संपली’ म्हणा. तोवर दुसऱ्यानं स्टॉपवॉच चालवावं. असं पाच वेळा करा. घाबरलेला किंवा आनंदलेला माणूस वेळ नेहमी फुगवून सांगतो, पण या पद्धतीत ती बऱ्यापैकी खरी येते.

आता ती काय होती याकडे वळू. तुमचं वर्णन खरं धरलं तर ती नैसर्गिक उल्का होती, आणि तिला फायरबॉल म्हणजे अग्निगोल म्हणता येईल. शुक्राहून, म्हणजे उणे चार प्रतीहून तेजस्वी उल्केला हे नाव देतात (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका कमी तितकं तेज जास्त). उतरत्या अवकाशीय कचऱ्याची शक्यता मी का बाजूला ठेवतो, ते सांगतो, कारण आजकाल हा प्रश्न दर वेळी येतो आणि यायलाच हवा.

२ एप्रिल २०२२ तुम्हाला आठवत असेल. गुढीपाडव्याची रात्र होती. विदर्भात आणि मध्य प्रदेशात लोकांनी आकाशात पेटलेल्या गोळ्यांची एक रांग सावकाश सरकताना पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे दहा फूट व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं, आसपासच्या भागात धातूच्या गोल टाक्या सापडल्या. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी पृथ्वीवर परतत होता आणि हे अवशेष त्याचेच, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. त्या रात्रीचे व्हिडिओ पुन्हा लावून बघा. लोक खिशातून फोन काढतात, कॅमेरा सुरू करतात, शेजाऱ्याला हाक मारतात, आणि तरीही ती रांग अजून आकाशात असते. हीच खूण. कक्षेतून उतरणारी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत-बाहेर असते, जवळजवळ आडवी येते, आणि आकाश ओलांडायला मिनिटभर किंवा जास्त घेते. तुम्हाला फोनला हात लावायलाही वेळ मिळाला नाही.

क्षेपणास्त्राचं तर उलटंच. ते वर चढतं, मिनिटं घेतं, आणि मागे पसरत जाणारा धुराचा पिसारा सोडतं. आणखी दोन फसव्या गोष्टी सांगून ठेवतो. सूर्यास्तानंतर पश्चिमेला दूरच्या विमानाचा आखूड धूरपट्टा खालून येणाऱ्या सूर्यप्रकाशात नारिंगी पेटल्यासारखा दिसतो आणि हळूहळू क्षितिजाकडे ‘पडतो’. माझ्याकडे येणाऱ्या संध्याकाळच्या निरोपांत त्याचाच भरणा जास्त असतो. दुसरी, लोहगावला उतरणाऱ्या विमानाचा समोरून येणारा दिवा. दोन्हींना वेळ लागतो, दोन्ही पाच सेकंदांत संपत नाहीत.

आता तुमच्या मनातल्या सर्वांत पक्क्या समजुतीकडे येऊ: ती गडामागे पडली. असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. रात्रीच्या आकाशात अंतराला धरायला काहीच नसतं, आणि प्रखर वस्तू डोळ्याला जवळ भासते. पण थोडं गणित करू. तळजाईवरून सिंहगड सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर आहे आणि त्याचा माथा क्षितिजापासून अडीच अंशांच्या आसपास वर दिसतो. उल्का टॉवरच्या थोडं वर विझली म्हणता, म्हणजे समजा क्षितिजापासून आठ अंशांवर, मुठीपेक्षा जरा कमी. उल्का साधारण शंभर किलोमीटर उंचीवर पेटू लागतात, लहानसहान उल्का सत्तर-ऐंशीवरच संपतात, आणि दणकट, सावकाश येणारे अग्निगोल तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली उतरतात. आपण तुमच्या उल्केला झुकतं माप देऊ आणि ती पस्तीस किलोमीटरपर्यंत खाली आली असं धरू.

पस्तीस किलोमीटर उंचीची वस्तू आठ अंशांवर दिसायची तर ती किती लांब हवी? कागदावर साधा त्रिकोण काढलात तर अडीचशे किलोमीटर येतात. पृथ्वी गोल असल्यानं लांबची वस्तू क्षितिजाकडे झुकते, ते धरलं की सव्वादोनशेच्या थोडं आत. ती सत्तर किलोमीटरवरच विझली असेल तर हेच अंतर चारशेच्या घरात जातं. आता नकाशा काढा आणि तळजाईपासून सिंहगडाच्या टॉवरकडे पट्टी ठेवून रेघ ओढत न्या. रेघ वेल्ह्याच्या डोंगररांगेवरून सह्याद्री ओलांडते, कोकण पार करते आणि सव्वादोनशे किलोमीटरवर रत्नागिरीसमोर भर समुद्रात संपते. किनाऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटर आत. तुम्ही काल पुण्याच्या टेकडीवर उभं राहून अरबी समुद्रावरची घटना पाहिलीत. गडामागे काही पडलेलं नाही.

हेच माप वापरून वेगही काढता येतो, आणि मला तो भाग फार आवडतो. समजा ती सुरुवातीला अठ्ठावीस अंशांवर, टॉवरच्या सतरा अंश डावीकडे दिसली आणि तेव्हा नव्वद किलोमीटर उंच होती. मग सुरुवात आणि शेवट यांतलं खरं अंतर पंच्याण्णव-शंभर किलोमीटर निघतं. पाच सेकंदांत. म्हणजे सेकंदाला एकोणीस-वीस किलोमीटर. कक्षेतला कचरा एवढ्या वेगानं येऊच शकत नाही, आणि सूर्याभोवती फिरणाऱ्या दगडासाठी हा वेग सावकाश या सदरात मोडतो. दोन्ही उंची मी गृहीत धरल्या आहेत हे विसरू नका, पण आकडा जुळून आला याचा मला आनंद झाला. पत्नी म्हणतात तशी ती जवळजवळ सरळ खाली आली असेल, तर वाट आखूड होते आणि वेग त्याहूनही कमी निघतो. म्हणून त्या दोन कागदांची गरज आहे.

संध्याकाळच्या उल्का सावकाश का? पावसात दुचाकी चालवणाऱ्याची छाती आधी भिजते, पाठ बराच वेळ कोरडी राहते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटरनं धावते आहे. पहाटे आपण तिच्या पुढच्या बाजूला असतो, तेव्हा उल्का समोरून येऊन आदळतात, वेग सेकंदाला बहात्तर किलोमीटरपर्यंत जातो. संध्याकाळी आपण मागच्या बाजूला असतो. तिथे येणाऱ्या दगडाला पृथ्वीला मागून गाठावं लागतं, म्हणून संख्या कमी आणि वेगही कमी, पृथ्वीच्या ओढीमुळे निदान अकरा किलोमीटर तरी येतोच. हे सावकाश दगड हवेत जास्त खोल उतरतात, जास्त वेळ दिसतात आणि शेवटी फुटतात. उत्तर गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात संध्याकाळी असे अग्निगोल एरवीपेक्षा थोडे जास्त दिसतात, हेही नोंदलं गेलं आहे. मार्चमध्ये मोठा उल्कावर्षाव नसतो, त्यामुळे तुमची उल्का बहुधा एकटीदुकटी, कुठल्याही वर्षावात न मोडणारी.

रंगावर मी फार भर देत नाही. हिरवट छटा बऱ्याचदा मॅग्नेशियमची असते, पिवळी-नारिंगी सोडियमची, आणि पेटलेल्या हवेचा स्वतःचा रंग वेगळा. शेवटी नारिंगी झाली हे वेग आणि तापमान उतरल्याचं लक्षण. पण रात्री आपला डोळा रंगात चुकतो आणि मोबाइल त्याहून चुकतो. तिची सावली पडली का, हे मात्र मला जरूर कळवा. सावली पडली असेल तर तेज शुक्राच्या बरंच वर, चंद्राच्या दिशेनं गेलेलं असणार.

आवाजाचं सांगतो. लोक उजेडाबरोबर आवाजाची वाट बघतात आणि तो आला नाही म्हणून निश्चिंत होऊन घरात जातात. अग्निगोल अगदी डोक्यावर पस्तीस किलोमीटरला फुटला तरी त्याचा गडगडाट खाली यायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. तुमच्या अंतरावरून तो अकरा-बारा मिनिटांनी आला असता, आणि बहुधा ऐकूही आला नसता. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे वीस मीटरचा दगड हवेत फुटला. प्रखर उजेड पाहून लोक खिडक्यांपाशी धावले, आणि दोनेक मिनिटांनी धक्का आला तेव्हा फुटलेल्या काचांनी जखमी झाले. जखमींचा आकडा हजाराच्या वर गेला. एवढी मोठी घटना तुमच्या-माझ्या आयुष्यात पुन्हा होईलच असं नाही, पण सूर्यासारखा लख्ख उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हा, हे घरातल्या मुलांना माहीत असावं.

दगड शोधायचाच असेल तर कधी जावं? उल्का खूप खालपर्यंत, तीस किलोमीटरच्या आसपास उतरलेली असेल, सावकाश असेल, आणि काही मिनिटांनी खरोखर गडगडाट ऐकू आला असेल, तेव्हा. उजेड विझल्यावर उरलेला दगड आपला सगळा वैश्विक वेग घालवून बसलेला असतो आणि पुढची काही मिनिटं अंधारात, साध्या पडणाऱ्या धोंड्यासारखा खाली येतो. तो पेटलेला येत नाही, गवताला आग लावत नाही. ‘आमच्या शेतात आग लागली, तिथे उल्का पडली’ असे निरोप येतात, तेव्हा कारण दुसरं असतं.

आपल्याकडे तर दगड ओळखणं जास्त अवघड. सगळं पुणे काळ्या पत्थरावर उभं आहे. दख्खनच्या या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, त्यामुळे त्याचा तुकडाही दोरीला बांधलेल्या चुंबकाला थोडा ओढतो, आणि माणूस हरखून जातो. त्यातल्या बारीक भोकांना लोक ‘जळल्याच्या खुणा’ समजतात. ती लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं आहेत. अशनीत, म्हणजे आकाशातून जमिनीवर पोचलेल्या दगडात, सहसा अशी भोकं नसतात. भोसरी-चिंचवडकडून येणारे नमुने तर जवळजवळ नेहमी भट्टीतली मळी म्हणजे स्लॅग निघतात, जड, काळे, चकचकीत, बुडबुड्यांनी भरलेले. ताज्या अशनीवर अंड्याच्या कवचासारखा पातळ, बहुधा मंद काळा थर असतो, आणि कोपरा उडालेला असेल तर आत करडा, सिमेंटसारखा रंग दिसतो. पुष्कळदा अंगावर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे असतात. टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासला तर साधारणपणे रेघ उमटत नाही. काळी किंवा लालसर रेघ उमटली तर तो बहुधा इथलाच लोहखनिजाचा दगड. माझ्या हाती आजवर लोकांनी दिलेल्या शेकडो ‘अशनीं’पैकी एकही खरा निघालेला नाही. म्हणून आणू नका असं मी म्हणत नाही. आणत जा, प्रत्येक वेळी मी तितक्याच आशेनं उघडून बघतो.

कारण खरे पडतातही. २२ मे २०१२ ला भरदुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला, आणि ते तुकडे गोळा करून अभ्यासले गेले. गुजरातेत धजाला इथे २८ जानेवारी १९७६ च्या रात्री मोठा अग्निगोल दिसला आणि त्यामागोमाग दगड पडले. तिथेच दियोदरला १७ ऑगस्ट २०२२ ला पडलेला अशनी तर ऑब्राइट या दुर्मीळ जातीचा. असं काही सापडलं तर चुंबक लावू नका, धुऊ नका, तोडू नका. चुंबकानं दगडातली मूळ चुंबकीय नोंद बिघडते, म्हणून चुंबकाची परीक्षा फक्त संशयास्पद, जुन्या दगडांसाठी. पडल्या जागी, बाजूला नाणं ठेवून फोटो काढा, जागेचे आकडे मोबाइलवर नोंदवा, स्वच्छ कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे जीएसआयला कळवा. देशातले अशनी जतन करण्याचं काम त्यांच्याकडे आहे, आणि मध्य विभागाचं मुख्यालय नागपूरलाच आहे. अशनी हा शब्द, जाता जाता सांगतो, नवा घडवलेला नाही. वराहमिहिरानं सहाव्या शतकात आकाशातून पडणाऱ्या तेजांचे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा असे पाच प्रकार सांगितले, त्यातला तो एक.

तुमच्या बाबतीत दगड समुद्रात आहे, असलाच तर. पण काम संपलेलं नाही, आणि त्यातलं निकडीचं काम तुमच्या सोसायटीच्या ऑफिसात आहे. दक्षिणेकडे किंवा नैऋत्येकडे तोंड असलेला एखादा सीसीटीव्ही कॅमेरा शोधा. बहुतेक यंत्रणा काही दिवसांनी जुनं चित्रण पुसून त्यावर नवं घेतात, म्हणून सेक्रेटरींना आजच गाठा. चित्रणाची प्रत घ्या, पडद्याचा मोबाइलनं काढलेला व्हिडिओ पुरेसा नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ बऱ्याचदा मिनिट-दोन मिनिटं पुढे-मागे असतं, तेव्हा कॅमेऱ्याची चालू वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या, फरक तिथेच कळतो. आणि कॅमेरा हलवू नका, कुणाला पुसूही देऊ नका. उल्का थेट दिसली नसली तरी भिंतीवर सरकलेली सावली पकडली गेली असेल तर तीही उपयोगी पडते. गाडीत डॅशकॅम असलेले शेजारी असतील तर त्यांनाही विचारा. काल त्या वेळी सिंहगड रस्त्यावर खडकवासल्याकडे तोंड करून शेकडो गाड्या उभ्या असणार.

कळवायचं दोन ठिकाणी. इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशनच्या संकेतस्थळावर अग्निगोलाच्या नोंदीचा फुकट अर्ज आहे. तो पायरीपायरीनं विचारत जातो, आणि आज संध्याकाळी काढलेले आकडे तुमच्याजवळ असतील तर दहा मिनिटांत भरून होतो. जे नक्की माहीत नाही ते रिकामं ठेवा. पत्नींनी त्यांचा अर्ज स्वतंत्र भरावा, तुमच्याशी न जुळवता. दुसरं ठिकाण पुण्यातलंच, ज्योतिर्विद्या परिसंस्था. १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची ही संस्था इथे काम करते आहे, टिळक स्मारक मंदिरात. शहरातल्या आणखी कुणी पाहिलं असेल तर त्यांच्यापर्यंत पोचण्याची शक्यता बरीच आहे. अग्निगोल खूपच मोठा असेल तर नासा चालवत असलेल्या यादीत, उपग्रहांवरच्या संवेदकांनी टिपलेल्या स्फोटांमध्ये, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्याची नोंद येते, उंची आणि वेगासकट. समुद्रावरच्या घटना तिथेच सापडतात. अधूनमधून बघत राहा.

आणि शेवटचं, जे खरं तर सर्वांत जास्त हवंय. एका जागेवरून फक्त दिशा कळते. दुसऱ्या जागेवरून दुसरी दिशा मिळाली आणि दोन रेषा एकमेकींना छेदल्या की अंतर, उंची, वाट, वेग, सगळं मोकळं होतं, आणि वर मी गृहीत धरलेले आकडे धरावे लागत नाहीत. पुण्यातलाच दुसरा माणूस त्यासाठी फारसा कामाचा नाही, दोन्ही रेषा जवळजवळ एकच येतात. शिवाय सव्वादोनशे किलोमीटरवर पाच अंशांची चूक म्हणजे एकोणीस-वीस किलोमीटर इकडेतिकडे. हवा आहे तो कोल्हापुरातला, रत्नागिरीतला किंवा पणजीतला. माझा हिशोब बरोबर असेल तर कोल्हापूरकरांनी ती पश्चिमेला क्षितिजालगत पाहिली असेल, पणजीत वायव्येला, आणि रत्नागिरीत समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला ती बरीच उंच, समोरच दिसली असेल. त्यानं चार-पाच मिनिटांनी लांबचा गडगडाट ऐकला असण्याचीही शक्यता आहे.

तुमचे नातेवाईक, शाळेतले मित्र, कुणीही असेल तिकडे, आजच फोन लावा. ‘काल पावणेआठच्या आत आकाशात काही दिसलं का, आणि कुठे?’ एवढंच विचारा. हो म्हणाले तर आधी त्यांना कागद-पेन्सिल घ्यायला सांगा. तुम्ही ती कुठे पाहिलीत आणि मला काय वाटतं, यातलं काहीही त्यांचं चित्र काढून होईपर्यंत सांगू नका.